रिकामा चौकोन

१

माझा दादा बोलत नाही. आजारपणात त्याची वाचा गेली आणि उजवा हातही. डावा हात, दोन्ही कान आणि मला छळायची जुनी हौस एवढं मात्र शाबूत राहिलं. तो बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसतो. पुढ्यात टेबल, टेबलावर पडदा आणि पडद्यावर चित्रांचे चौकोन. चौकोनावर बोट ठेवलं की यंत्र तो शब्द म्हणतं. पाणी. दुखतंय. खिडकी. मी कामावरून तोंड फुगवून आले की दादा सगळ्यात आधी 'बोल' दाबतो आणि मी चपला काढून बसेपर्यंत दाबतच राहतो. ज्याला बोलता येत नाही त्याने मला बोल म्हणायचं, असा आमच्या घरचा उलटा न्याय.

त्या सकाळी मी चहा गाळत होते. बाहेरून यंत्राचा आवाज आला.

"माणूस."

मी लक्ष दिलं नाही. दादा कधीकधी उगीच चौकोन दाबत बसतो.

"खोली."

थोडा वेळ गेला.

"एकटा."

मी गाळणी हातात घेऊन तशीच धावले. खोलीत दादाशिवाय कोणी नव्हतं. दारामागे पाहिलं, खिडकीच्या पडद्यामागे पाहिलं, कपाटही उघडलं. कपाटात माणूस मावत नाही हे मला माहीत आहे, पण घाबरलेल्या माणसाला मापं सुचत नाहीत.

"अरे, कुठला माणूस? एकटा तर तूच बसलायस!"

"नाही," यंत्र म्हणालं. दादाने 'नाही' दोनदा दाबलं. तो वैतागला की असं करतो. मग त्याने डावा हात पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नेला. तिथे शेवटचा चौकोन रिकामा आहे. चित्र नाही, शब्द नाही. त्यावर बोट ठेवून तो मान तिरकी करून बसला.

मला काहीच ऐकू आलं नाही. दादाचे कान लहानपणापासून मांजराचे. मी हेडफोन आणले, आवाज होता नव्हता तेवढा वाढवला आणि चौकोन दाबला.

एक खोली ऐकू आली. दुसरा शब्द सुचत नाही मला. वर पंखा फिरत होता आणि फेऱ्याफेऱ्याला 'टक' करत होता. खुर्ची करकरली. बराच वेळ काही नाही. मग कोणीतरी घसा खाकरला, बोलायला लागण्याआधी आपण खाकरतो तसा. आणि तिथेच संपलं. बोललं कोणीच नाही.

मी वर पाहिलं. आमच्या घरात पंखाच नाही.

२

या गोष्टी शोधून काढणं हेच माझं पोटापाण्याचं काम. ज्यांची वाचा गेली आहे त्यांना पुन्हा बोलतं करणाऱ्या एका इस्पितळात मी कॉम्प्युटर सांभाळते. तिथल्या प्रत्येक खाटेशेजारी दादासारखाच पडदा आहे आणि त्यात 'बोलपाटी' नावाचं सॉफ्टवेअर. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे. म्हणजे कोणीही डाउनलोड करावं, वापरावं, आणि त्याचा मूळ कोडसुद्धा सगळ्यांना बघायला उघडा. ते इस्पितळात यावं म्हणून मी सगळ्यांशी भांडले होते. तेव्हा भांडले नसते तर आज निदान निवांत तरी असते.

कामावर पोचताच मी दोन गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या. एका बाजूला उघडा कोड, दुसऱ्या बाजूला त्या कोडवरून बांधलेलं, डाउनलोड केलेलं तयार पॅकेज. कोडमध्ये शब्दांचे आवाज होते तेवढेच. पॅकेजमध्ये एक आवाज जास्त होता. जास्तीचा आवाज सापडला की बोलपाटी तो आपण होऊन रिकाम्या चौकोनाला जोडते. म्हणजे कोडपासून पॅकेजपर्यंतच्या वाटेत कोणीतरी हात घातला होता.

मी हे आमच्या मोठ्या बाईंना सांगितलं. बाई इस्पितळाच्या प्रमुख डॉक्टर, आणि त्या दुधाने तोंड पोळण्याआधीपासूनच ताक फुंकून पिणाऱ्या.

"नुसता आवाज आहे," मी म्हटलं. "त्याने काही बिघडत नाही."

"आज आवाज आहे. उद्या काय असेल? त्या यंत्रांत पेशंटचं सगळं बोलणं आहे. कोणाला कुठे दुखतं, कोण कोणावर रागावलंय."

"मग मी उघड्या कोडवरून स्वतः नवीन पॅकेज बांधते."

"ज्या घरात चोर शिरलाय आणि कुठून शिरला ते माहीत नाही, त्या घरचं पाणीसुद्धा मी पिणार नाही." बाईंनी चष्मा काढला. चष्मा काढला की त्या ऐकून घेणार नाहीत असं समजायचं. "उद्या संध्याकाळपर्यंत कोणी केलं आणि का केलं, ते मला सांगा. नाहीतर बोलपाटी सगळ्या यंत्रांवरून काढा. तुमच्या दादांच्याही. ते यंत्र इस्पितळाचंच आहे."

"दुसरं सॉफ्टवेअर यायला किती महिने लागतील ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर उद्यापर्यंत वेळ देतेय."

जागेवर येऊन मी कपाटातल्या डिस्कवरची मागची आवृत्ती काढली. म्हटलं, ती स्वच्छ असेल तर तीच परत चढवू आणि बाईंचं तोंड बंद करू. हेडफोन लावला, रिकामा चौकोन दाबला.

खोली. पंखा. टक. खुर्ची.

हा आवाज वेगळा होता, शेवटी खाकरणं नव्हतं. पण माणूस तोच, खोली तीच. कोणीतरी कितीतरी दिवसांपासून तिथे बसून होतं.

३

बोलपाटी तीन माणसं चालवतात. तिघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, आणि तिघंही टोपणनावांनीच वावरतात. पहिला 'गवंडी'. बोलपाटी मुळात त्यानेच लिहिली आणि प्रत्येक रिलीजचं, म्हणजे नव्या आवृत्तीचं, पॅकेज तोच बांधतो. बांधून झालं की त्यावर आपल्या गुप्त चावीने डिजिटल सही करतो. त्या सहीनंतर आत सुईएवढं काही घुसवलं तरी सही तुटते आणि बोंब होते.

दुसरी 'चाळणी'. तिने त्याच उघड्या कोडवरून, आपल्या घरी, आपल्या कॉम्प्युटरवर तेच पॅकेज स्वतंत्रपणे बांधायचं. प्रत्येक पॅकेजचा एक लांबलचक आकडा निघतो, त्याला हॅश म्हणतात. माणसाचा अंगठा जसा, तसा फाइलचा हॅश. गवंड्याचा आकडा आणि चाळणीचा आकडा तंतोतंत सारखा आला की चाळणी सगळ्यांना दिसेल असं लिहिते, 'जुळलं.' मग तिसरा, 'फाटकवाला', ते डाउनलोडच्या पानावर चढवतो. दोघांनी बघितल्याशिवाय काही बाहेर सोडायचं नाही, हा नियम गवंड्याचा. इतका कडक नियम मोठमोठ्या कंपन्यांत नसतो. मी बाईंना बोलपाटीसाठी पटवलं होतं ते याच नियमाच्या जोरावर.

आणि या वेळीही चाळणीने 'जुळलं' लिहिलेलं होतं. जास्तीच्या आवाजासकट जुळलं! उघड्या कोडवरून बांधलं तर तो आवाज येणारच नाही, मग जुळेल कसं?

दुपारी घरी येऊन मी दादाला भरवलं आणि त्याच्या शेजारीच बसून, बोलपाटीच्या पानावर दिलेल्या नंबरवर गवंड्याला फोन लावला. इस्पितळात कोणाचं ना कोणाचं यंत्र बोलत असतं, तिथे धड ऐकू येत नाही. पहिली घंटा पुरती वाजायच्या आत त्याने उचलला.

"बोला! बोला ना," तो म्हणाला. आवाज वयस्कर, थोडा गंजलेला. दिवसभरात पहिल्यांदाच बोलणाऱ्या माणसाचा येतो तसा.

मी कोण, कुठून बोलतेय ते सांगितलं. बोलपाटी आमच्याकडे आहे हे ऐकून तो हरखला. "तुमच्याकडे? कोण वापरतं हो?"

"पेशंट वापरतात. घरी माझा दादा वापरतो."

"दादा. अच्छा." मग त्याने विचारलं, "कुठला चौकोन जास्त दाबतात ते?"

असला प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता. मी 'बोल' म्हणायला तोंड उघडलं आणि आवरलं. चौकशी मी करत होते, त्याने करायची नव्हती. "गवंडीसाहेब, तुमच्या पॅकेजमध्ये एक आवाज जास्त आहे. कोडमध्ये नसलेला. रिकाम्या चौकोनावर."

 त्याने घाईने विचारलं, "कोणी ऐकला?"

"दादाने."

"काय ऐकलं त्यांनी? म्हणजे, कळलं का त्यांना काय आहे ते?"

"माणूस," शेजारून यंत्र म्हणालं. दादाने बोट ठेवलं होतं.

"हो रे, माणूसच आहे फोनवर. थांब जरा," मी त्याला दटावलं.

"माणूस. माणूस. माणूस."

मी फोनवर हात ठेवला. "दादा, मी काम करतेय ना!" त्याने हात मागे घेतला आणि तोंड खिडकीकडे वळवलं. तो रुसला की मनवायला संध्याकाळ जाते. मी फोनकडे वळले. "सहीची चावी कोणाकोणाकडे असते?"

"माझ्याकडेच. माझ्याशिवाय घरात आहे कोण?" गवंडी म्हणाला. "मी... मी बघतो काय ते. तुम्ही पुन्हा फोन कराल ना?"

आणि ज्याचं नाव धुळीला मिळायची वेळ आली होती त्या माणसाने फोन ठेवताना माझे आभार मानले.

४

फाटकवाला एका छापखान्याच्या मागच्या खोलीत बसतो. डाउनलोडचा सर्व्हरही तिथेच, कागदांच्या गठ्ठ्यांच्या बेचक्यात. व्हिडिओवर त्याचा अर्धाच चेहरा दिसत होता आणि तो अर्धाही नाराज होता.

"मला कशाला विचारता, बाई? गाठोडं येतं, मी ओट्यावर ठेवतो. आत काय बांधलंय ते बांधणाऱ्याला विचारा."

"तुमचं आणि गवंड्याचं वाजलं होतं म्हणे."

"लपवलंय कोणी? डाउनलोड कोण करतं याची नोंद ठेवू या म्हटलं, निदान आपलं काम कुठवर पोचतं ते कळेल. तर म्हणे, लोकांच्या मागे हेर लावायचे नाहीत. हेर! मी हेर! तेव्हापासून आमचं बोलणं एका शब्दाचं. तो लिहितो 'पाठवलं', मी लिहितो 'चढवलं'."

"म्हणजे राग आहे."

"राग आहे तर आहे. म्हणून मी लोकांच्या गाठोड्यात हात घालीन?"

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. याच्या मनात नुसती धूळ होती. पण मी कोणाच्या तोंडावर विश्वास ठेवत नाही. तो बोलत असतानाच मी पॅकेजची सही तपासली. अखंड होती. सर्व्हरवर कोणी हात मारला असता तर ती तुटली असती, आणि नवी करायला गवंड्याची चावी लागली असती. म्हणजे आवाज आत गेला तो सही होण्याआधी, पॅकेज फाटकवाल्याच्या हातात येण्याआधी. फाटकवाला सुटला. त्याचा राग खरा होता आणि निरुपयोगी होता.

"अजून जुन्या आवृत्त्या आहेत का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"जागा नव्हती, काढून टाकल्या. कोणी मागतही नाही." तो उठता उठता पुन्हा बसला. "एक सांगतो. चाळणीचं 'जुळलं' पूर्वी दुसऱ्या दिवशी यायचं. हल्ली माझा चहा संपायच्या आत येतं."

"हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोणाला सांगू? माझ्याशी बोलतं कोण?"

बोलपाटीचं पॅकेज बांधायला चांगल्या दमदार कॉम्प्युटरलाही दोन-तीन तास लागतात. चहाच्या कपात ते होत नाही.

५

चाळणी गणिताची शिक्षिका निघाली. मांडीवर मूल, मागे दोरीवर लंगोट वाळत घातलेले, केस कसेतरी वर बांधलेले. दर मिनिटाला तिचं चित्र थिजायचं आणि तोंड उघडं राहायचं.

"सॉरी हं ताई, माझा हा लॅपटॉप म्हणजे निव्वळ डबा झालाय. बाळ व्हायच्या आधीपासून याच्यात नवीन काही टाकताच येत नाही. टाकायला गेलं की बंदच पडतो."

"हरकत नाही. याच्यावरच बांधता का बोलपाटी?"

"हो. दुसरा आहेच कुठे?"

"दर वेळी?"

"दर वेळी करते ना, ताई. नियमच आहे तसा."

मी तिच्यासमोर नव्या रिलीजची माहिती वाचली. डाउनलोडच्या पानावर ती कोणालाही दिसेल अशी लिहिली आहे. ही आवृत्ती बांधायला नवी साधनं लागतात, जुन्या कॉम्प्युटरवर ती चालणार नाहीत, असं गवंड्याने ठळक अक्षरांत टाकलं होतं.

"तुमच्या डब्यात नवीन काही जातच नाही," मी म्हटलं. "मग ही आवृत्ती बांधलीत कशात?"

चित्र पुन्हा थिजलं असं मला वाटलं. पण बाळ हलत होतं. ती हलत नव्हती.

"गवंड्याचा आकडा वर दिसतच असतो," ती शेवटी म्हणाली. "तो बघायचा आणि 'जुळलं' लिहायचं. बाळ झालं तेव्हा एकदा केलं असं. फक्त एकदा म्हणून. मग पुढच्या वेळी बाळाला ताप होता. मग... तो चुकतच नाही हो, ताई! इतक्या वर्षांत एकदा चुकला नाही. मला वाटलं, बघितलं काय आणि नाही बघितलं काय."

"त्याला माहीत आहे?"

"त्याला कसं कळणार? तो रिलीज पाठवतो तेव्हा खाली लिहितो, 'सावकाश बघा, घाई नाही.' दर वेळी लिहितो. मी उत्तर नाही देत. काय देणार?" ती रडायला लागली आणि तिच्याबरोबर मूलही.

मला रडणाऱ्या माणसांशी काय बोलावं ते सुचत नाही. "आधी बाळाला घ्या," म्हणून मी फोन ठेवला.

म्हणजे पहारेकरी झोपलेला होता. पण पहारेकरी झोपला म्हणजे चोरी त्याने केली असं होत नाही. चाळणी ज्या पॅकेजला हातही लावत नव्हती त्यात ती काय घालणार? फाटकवाला सुटला, चाळणी सुटली. पॅकेज सही होण्याआधी फक्त एका घरात असतं, आणि त्या घरात एकच माणूस राहतो.

आणि त्या माणसाने मला काय विचारलं होतं? ज्याच्या घरी चोरी होते तो आधी 'कोणी केली' म्हणून विचारतो. गवंड्याने ते विचारलंच नाही. त्याने विचारलं, कोणी ऐकला.

मी दादाकडे वळले. तो अजून खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याने त्या फोनच्या वेळी 'माणूस' चारचारदा का दाबलं ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं. काखेत कळसा, आणि मी गावभर फिरून आले होते.

"दादा, तू फोनमध्ये पंखा ऐकलास?"

त्याने सावकाश 'हो' दाबलं. मग 'शहाणी.' हा चौकोन त्याने मला चिडवण्यापुरता ठेवला आहे.

"आणि हा माणूस कधीपासून ऐकतोयस तू?"

"रोज," यंत्र म्हणालं.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि दादाच्या पुढ्यात ठेवला. या वेळीही पहिलीच घंटा.

"बोला!"

मी बोलले नाही. आम्ही दोघं ऐकत राहिलो. टक. टक. दादाने माझ्याकडे पाहिलं.

"गवंडीसाहेब," मी म्हटलं, "पंख्याला तेल घाला."

पलीकडून खुर्ची करकरली. तीही ओळखीचीच होती आता.

"हो," तो म्हणाला. "राहूनच जातं." आणि मग, "तुम्हाला राग आला असेल."

"राग? आज संध्याकाळी माझ्या दादाच्या यंत्रावरून बोलपाटी काढणार आहेत! इस्पितळातल्या सगळ्या खाटांवरची काढणार आहेत. तुमच्या गमतीपायी इतकी माणसं पुन्हा मुकी होतील, ठाऊक आहे?"

"गंमत नाही हो." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "तो दोघांचा नियम मी घातला ना, तो चोराच्या भीतीने नव्हता घातला. म्हणजे, लोकांना तसं सांगितलं. पण मी इथे एकटाच असतो. बहीण होती तोवर घरात कोणीतरी हाक मारायचं. ती गेली. वाटलं, मी एक गोष्ट बांधीन आणि दुसरीकडे कोणीतरी तीच गोष्ट बांधेल. त्याच दिवशी, तशीच. आकडा जुळला की समजायचं, आहे कोणीतरी. चाळणी पूर्वी काय काय विचारायची! हे असं का केलंत, ते तसं का नाही. मग एकदम 'जुळलं' यायला लागलं. नुसतं 'जुळलं.'"

"तुम्हाला कळलं होतं."

"इतक्या लवकर कसं जुळेल? कळणारच. पण विचारायला जीभ रेटेना. विचारलं असतं तर ती सोडून गेली असती, मग तेवढंही राहिलं नसतं. म्हणून आत एक आवाज ठेवला. म्हटलं, खरंच बांधलं तर जुळणार नाही, मग ती भांडायला तरी येईल. पहिल्या वेळी मी बोललो होतो त्यात. माझं नाव सांगितलं होतं. कोणी आलं नाही. पुढच्या वेळी नुसतं 'कोणी आहे का' म्हटलं. मग वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी, बोलून काय उपयोग? आपली खोलीच ठेवली."

"आणि या वेळी खाकरलात."

"बोलणार होतो. नाही जमलं."

माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणून त्याला चार शब्द सुनावायचे मी ठरवून ठेवले होते. पण मी या खोलीत दादासमोर वर्षानुवर्षं बसलेय, आणि 'बरं आहे ना?' यापलीकडे त्याला मी तरी काय विचारत होते? तो रोज एका माणसाला ऐकत होता आणि मला पत्ता नव्हता. मला त्या क्षणी फार एकटं वाटलं, दादा हातभर अंतरावर असताना.

"तो आवाज काढा," मी म्हटलं. "आत्ता स्वच्छ पॅकेज बांधा. या वेळी मी बांधते दुसरीकडून. खरंच बांधते. आणि जे झालं ते डाउनलोडच्या पानावर लिहा, सगळ्यांना दिसेल असं. लाज वाटली तरी लिहा."

"लिहितो." तो खाकरला. "नाही जुळलं तर?"

"तर भांडायला येईन."

७

मी दादाशेजारीच लॅपटॉप लावला. उघडा कोड उतरवून घेतला आणि ओळीन् ओळ चाळली. कुठे काही लपवलेलं नव्हतं. कोड त्या माणसासारखाच होता, नीटनेटका आणि गरजेपेक्षा जास्त सभ्य. मग पॅकेज बांधायला घेतलं. पंखा नसलेल्या आमच्या खोलीत लॅपटॉप तापून घुंघुं करायला लागला.

पहिल्यांदा जुळलं नाही. मी गवंड्याला फोन करून झापलं. तो इतका खूश झाला की मलाच कसंतरी झालं. त्याच्याकडचं एक साधन जुनं राहिलं होतं. ते बदलून त्याने पुन्हा बांधलं. दुपार कलल्यावर दोन्ही आकडे आले आणि मी ते एकेक अक्षर बोटाने तपासलं, मशिन तपासून देत असतानाही. मग लिहिलं, 'जुळलं. पहिल्या खेपेला नव्हतं जुळलं, कारण खाली दिलंय.' त्याखाली चाळणीने, तिला कोणी सांगितलेलं नसताना, आपली चूक आपल्या शब्दांत लिहिली. फाटकवाल्याने 'चढवलं' लिहिलं आणि थोड्या वेळाने पुढे जोडलं, 'चांगलं झालं.' त्याच्या मानाने ते भाषणच होतं.

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. 'कोणी' आणि 'का', दोन्ही.

"आणि पुढच्या वेळी कोण बघणार?"

"मी."

"कायम?"

"कायम."

बाईंनी चष्मा परत लावला. "मग राहू दे," त्या म्हणाल्या. "एकटा राहतो का तो?" मी हो म्हटलं. त्या कागदांत डोकं घालून बसल्या.

घरी येऊन मी दादाच्या यंत्रावर नवी आवृत्ती चढवली. त्याने सगळे चौकोन तपासून घेतले. पाणी, खिडकी, शहाणी, सगळं जागेवर. मग हात खालच्या कोपऱ्यात गेला. रिकाम्या चौकोनावर त्याने बोट ठेवलं, मान तिरकी केली आणि वाट पाहिली. पुन्हा दाबलं. आता तिथे खरोखरच काही नव्हतं. मीच ते काढायला लावलं होतं.

"माणूस," दादाने दाबलं. "माणूस. नाही."

त्याचा चेहरा मला बघवेना. मी फोन उचलला, नंबर लावला आणि स्पीकर चालू करून तो पडद्याला टेकवून ठेवला, त्या कोपऱ्याशी.

"हॅलो?" गवंडी म्हणाला. "काय झालं, पुन्हा बिघडलं का?"

"काही बिघडलं नाही," मी म्हटलं. "दादा आहे इथे. तुम्हाला ओळखतो तो."

 पलीकडे पंखा फिरत होता. तेल घातलेलं नव्हतंच. टक. टक. खुर्ची करकरली. मग तो खाकरला, बोलायला लागण्याआधी आपण खाकरतो तसा, आणि गप्प झाला.

दादाने डावा हात उचलला. वरच्या ओळीतल्या त्याच्या आवडत्या चौकोनावर बोट ठेवलं.

"बोल," यंत्र म्हणालं.